उजनीच्या पाण्यात चिलापी मोजताना

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. वाहत्या नदीचं संथ तळं झालं की तिथली मासळी बदलतेच, आणि उजनीत त्या बदलात चिलापी सगळ्यांना पुरून उरली. चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया आणि तिच्या जवळच्या जाती. मूळच्या आफ्रिकेतल्या. मोझांबिक तिलापिया भारतात 1952 मध्ये आणली गेली ती मुद्दाम, खाण्यासाठी.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा मासा अभ्यासक्रमात ‘परकी, आक्रमक प्रजाती’ एवढ्याच ओळखीने भेटतो. परकी आहे हे इतिहास वाचून कळतं. आक्रमक आहे हे मात्र मोजून दाखवावं लागतं, आणि ते मोजणं वर्गात शिकवता येत नाही. म्हणून फेब्रुवारीत भिगवण-कुंभारगाव परिसरात ही अभ्याससहल काढली. त्या दिवसांत पाणी हळूहळू उतरत असतं, काठ उघडे पडतात, होडीला उथळ खाडीपर्यंत जाता येतं. रोहित पक्षीही असतात, पण त्यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवावा, नाहीतर सकाळची जाळी उचलायची राहतात.

पहिला दिवस: काठ, होडी, जाळी

दुपारी कुंभारगावला पोचलो. सामान उतरवून आधी काठावर गेलो. पाण्याला हिरवट रंग आणि कडेला शेवाळाची साय. भीमेला येऊन मिळणाऱ्या मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी इथवर येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं आणि शेवाळावर चिलापी. हा दुवा विद्यार्थ्यांनी पहिल्याच तासाला डोळ्यांनी पाहिला, हे बरं झालं.

सेकी तबकडीने पारदर्शकता मोजली. 20 सेंमी व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची ही तबकडी होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्ही टिपून सरासरी घ्यायची. गॉगल घालून मोजलं तर आकडा बदलतो, तेव्हा गॉगल काढायचा. विरघळलेला प्राणवायू मात्र दुपारी मोजून भागत नाही. शेवाळाच्या पाण्यात दुपारी तो भरपूर दिसतो, आणि पहाटे, उजाडण्याआधी, सगळ्यात कमी होतो. मासे मरतात ते त्या पहाटेच्या वेळी. चिलापी अगदी कमी प्राणवायूतही काही काळ तग धरते, त्यामुळे पहाटेचा आकडा असल्याशिवाय तिचं यश समजत नाही.

जाळी आमची नव्हती. जलाशयात मासेमारी परवानाधारकच करू शकतात. म्हणून संबंधित कार्यालयांची लेखी परवानगी आणि महाविद्यालयाच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी घेऊन स्थानिक मच्छीमारांच्याच जाळ्यांवर काम केलं. आमच्या होडीवाल्या काकांनी तंगूसाची जाळी पसरून दाखवली. आसात, म्हणजे जाळ्याच्या एकेका भोकात, बोटं घालून ते आकार सांगतात, आणि तो आकडा थेट वहीत लिहिता येत नाही. आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर पट्टीने मोजायचं, दहा ठिकाणी, आणि सरासरी लिहायची. ‘ताणलेला आस’ असं स्पष्ट लिहावं. काही अहवालांत शेजारच्या दोन गाठींमधलं अंतर दिलेलं असतं, ते बरोबर निम्मं येतं, आणि तुलना पार फसते.

एकाच आसाचं जाळं टाकलं तर एकाच मापाचे मासे येतात. म्हणून ताणलेल्या आसाचे 30, 50, 70 आणि 100 मिमी असे चार पट्टे एका ओळीत बांधले, लांबी-रुंदी सारखी ठेवून. संध्याकाळी टाकलं, वेळ मिनिटासकट लिहिली, दोन्ही टोकांचे जीपीएस बिंदू आणि खोली नोंदवली.

लाइफ जॅकेटबद्दल एकदाच, पण ठामपणे. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान याच जलाशयात वादळात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. जॅकेट अंगात घालून बंद बांधलेले असल्याशिवाय कुणीही होडीत पाय ठेवायचा नाही. वारा सुटला की जाळं तिथेच सोडून परतायचं. होडी किती माणसं घेणार हे काका ठरवणार, सर-मॅडम नाही.

रात्री ज्वारीची भाकरी, चिलापीचं कालवण आणि ठेचा. जेवताना एका विद्यार्थिनीने ताटातल्या माशाच्या पाठीवरचे काटे मोजायला घेतले. दुसऱ्या दिवशीच्या कामाची तयारी त्याहून चांगली झाली नसती.

दुसरा दिवस: जाळं उचलणं आणि फळ्यावरचा मासा

पहाटे धुकं होतं आणि बोटं आखडतील इतकी थंडी. आधी प्राणवायू मोजला, मग जाळं उचललं. टाकलं त्याच क्रमाने उचलायचं, म्हणजे प्रत्येक पट्टा पाण्यात सारखाच वेळ राहतो. प्रत्येक पट्ट्याची मासळी वेगळ्या क्रेटमध्ये. ही मासळी एकत्र झाली की पुढचं सगळं विश्लेषण गेलं, म्हणून क्रेटला आधीच रंगीत फिती बांधलेल्या होत्या.

इथे एक गोष्ट होडीतच करावी लागते. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. जाळ्यात अडकली की ती धडपडते आणि अंडी थुंकते. किनाऱ्यावर येईपर्यंत तोंड रिकामं असतं आणि वहीत ‘अंडी नाहीत’ अशी नोंद जाते. उपाय साधा आहे: माशाचं डोकं जाळ्यातून सुटण्याआधी त्याखाली पारदर्शक पिशवी धरायची, मासा डोकं खाली करून पिशवीत सोडायचा, पिशवी बंद करून त्यावर पट्ट्याचा क्रमांक. अशा एका पिशवीच्या तळाशी पिवळसर अंडी साचलेली दिसली तेव्हा सगळी होडी गप्प झाली. अशी काळजी घेऊनही जाळ्यातून मिळणारा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो, आणि अहवालात तसं लिहायचं असतं.

किनाऱ्यावर ताडपत्रीखाली मोजणीची जागा. प्रत्येक गटाला एक मोजफळा, 1 ग्रॅम अचूकतेचा काटा, ओलं फडकं, कॅमेरा आणि छापील तक्ता. तक्ता पेन्सिलीने भरायचा. शाई पाण्याने पसरते.

ओळख आधी, लांबी नंतर. चिलापी ओळखायला रंगावर भिस्त ठेवू नये, तो मेल्यावर झपाट्याने बदलतो. पक्क्या खुणा अशा: डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच नाकपुडी (कटला-रोहूसारख्या माशांना दोन असतात), पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूने जाणारी खवल्यांवरची रेघ) मध्येच तुटून खालच्या पातळीवर पुढे सुरू होते, गुदपरात तीन काटे. शेपटीवर स्पष्ट उभे पट्टे असतील तर नाईल तिलापियाकडे झुकायचं. वीण करणारा मोझांबिकचा नर काळा पडतो, गळा पांढरा होतो आणि परांच्या कडा लाल. या दोन जातींचा संकर सहज होतो. ज्या माशात खुणा मिसळलेल्या दिसतात तिथे ‘ओरिओक्रोमिस, जात अनिश्चित’ असं लिहायचं (ओरिओक्रोमिस हा या दोन्ही जातींचा वंश) आणि पराचा नखाएवढा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचा. अंदाजाने नाव टाकण्यापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची.

फोटो डाव्या बाजूचा, पर पसरून, शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. मग लांबी. थूथन शून्याच्या भिंतीला टेकवायचं, तोंड मिटलेलं, शेपटीची दोन्ही पातं किंचित जवळ आणून एकूण लांबी. शेपटीच्या मुळापर्यंतची प्रमाण लांबी वेगळ्या रकान्यात, कारण जाळ्यात किंवा क्रेटमध्ये शेपट्या फाटतात. कापडी फीत माशावरून वळवून मोजली की वक्रता मिसळते आणि लांबी जास्त येते. वजन करण्याआधी मासा ओल्या फडक्याने टिपायचा. वाऱ्यात काट्याचा आकडा थरथरतो, तेव्हा काट्याभोवती खोक्याचा आडोसा करावा आणि दर तासाला माहीत असलेल्या वजनाने तपासावा.

दमल्यावर माणूस आकडे गोल करायला लागतो. तासाभराने लांबीचे शेवटचे आकडे नुसते मोजून पाहिले तर 0 आणि 5 यांचा भरणा दिसू लागतो. म्हणून अधूनमधून तोच मासा दुसऱ्या गटाने, पहिला आकडा न बघता, मोजायचा. दोन आकड्यांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक आला की दोन्ही गटांनी एकत्र पुन्हा मोजायचं आणि सवय कुठे वेगळी आहे ते शोधायचं.

दुपारी गणित. दर प्रयत्नामागची पकड काढायची ती अशी: 50 मीटर लांब, 2 मीटर उंच जाळं म्हणजे 100 चौरस मीटर. ते 12 तास पाण्यात राहून समजा 3.6 किलो मासळी आली, तर 100 चौ. मी. जाळ्याला ताशी 300 ग्रॅम. नुसतं ‘साडेतीन किलो चिलापी मिळाली’ हे वाक्य कशाशीच ताडता येत नाही.

शरीरस्थितीचा गुणांक, म्हणजे मासा लांबीच्या मानाने किती भरलेला आहे तो आकडा: ग्रॅममधलं वजन गुणिले 100, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. 18 सेंमी, 110 ग्रॅमचा मासा असेल तर 11000 भागिले 5832, म्हणजे सुमारे 1.89. एखाद्या माशाचा हा आकडा 0.19 किंवा 18.9 आला तर मासा विचित्र नाही, वजनाचा दशांश चुकलाय. चुकीच्या नोंदी पकडायला याच्याइतकी सोपी चाळणी दुसरी नाही.

संध्याकाळी चार पट्ट्यांतल्या माशांच्या लांबीचे चार स्तंभालेख भिंतीवर लावले. प्रत्येकाचा उंचवटा वेगळ्या लांबीवर. बारीक आसात लहान, मोठ्या आसात मोठे. ‘मग पाण्यात खरंच कोणत्या मापाचे जास्त आहेत?’ हा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला आणि त्यावर जेवणाची वेळ टळून गेली. एका पट्ट्याचा आलेख बऱ्याच अंशी जाळ्याबद्दलच सांगतो. चारही एकत्र ठेवून, प्रत्येक आस कोणत्या लांबीचे मासे किती धरतो याची दुरुस्ती करून, मगच पाण्याबद्दल काही बोलता येतं. आणि अशा कल्ल्यांशी मासा अडकवणाऱ्या जाळ्यात, म्हणजे गिल नेटमध्ये, बोटाएवढी पिल्लं येतच नाहीत, ती काठच्या गवतात असतात. त्यांच्यासाठी हाती जाळीने वेगळं नमुनासंकलन लागतं.

तिसरा दिवस: बाजार आणि चिरफाड

भिगवणचा मासळी बाजार लवकर गाठला. चिलापीचे ढीग, त्यांत कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प). मरळ आणि वाम बाजूला, मानाने. इथे विद्यार्थ्यांना तक्त्यातला ‘मूळचा/परका’ हा रकाना भरायला सांगितला. बहुतेकांनी कटला-रोहू-मृगळसमोर ‘मूळचा’ लिहिलं. हे तिन्ही भारतीयच, पण गंगेच्या खोऱ्यातले. भीमा कृष्णेच्या खोऱ्यात येते, इथे त्यांचं बीज माणसांनीच सोडलं. सायप्रिनस तर देशाबाहेरचा, भारतात पहिल्यांदा 1939 मध्ये आलेला. तेव्हा रकाने तीन हवेत: खोऱ्यातला, देशातला पण दुसऱ्या खोऱ्यातला, परदेशी. हा बदल केल्यावर सगळ्यांच्या तक्त्यांचा रंगच पालटला.

बाजाराचा नमुना स्वस्तात मिळतो, पण तो निवडलेला असतो. लहान मासळी आधीच बाजूला पडलेली, मोठी व्यापाऱ्याने उचललेली. त्यामुळे ढिगातून मासे उचलू नयेत. विनंती करून न निवडलेला एक पूर्ण क्रेट विकत घ्यावा आणि शेवटच्या माशापर्यंत मोजावा. विक्रेत्या मावशींनी आमचं मोजमाप बराच वेळ पाहिलं आणि मग आपणहून सांगितलं की ह्याच ढिगात कुठल्या गावाकडची मासळी कुठली. ती नोंद आम्हाला दुसरीकडे कुठेही मिळाली नसती. बाजारातल्या कामाचा एक फायदा आणखी आहे: मासा आधीच मेलेला असतो, अभ्यासासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही.

परत आल्यावर चिरफाड. गुदद्वारापासून पुढे कात्रीचं टोक वर ठेवून कापायचं, म्हणजे आतडं फाटत नाही. चिलापीचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब, वेटोळं केलेलं. वनस्पती आणि गाळ खाणाऱ्याची ती खूण. ओल्या ट्रेवर ताण न देता उलगडून मोजायचं. ओढलं तर सहज वाढतं. अन्न बघायचं ते जठरातलं. जठरातला एक थेंब, तीन स्लाइड, आणि ज्या जठरांत काही अन्न आहे त्यांपैकी किती टक्क्यांत कोणता घटक सापडला ही नोंद. पण रात्रभर जाळ्यात राहिलेल्या माशाचं अन्न पचून गेलेलं असतं. आहार अभ्यासायचा असेल तर दोन तासांचं वेगळं जाळं टाकावं आणि मासळी लगेच बर्फात ठेवावी. बाजारातली मासळी या कामाला जवळपास निरुपयोगी.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते जननग्रंथींचं काम. गर्दीच्या पाण्यात चिलापी खुरटते आणि लहान आकारातच विणीला येते, म्हणूनच ती आवरत नाही. हे दाखवायचं तर प्रत्येक मादीचा अंडाशय 0.01 ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर तोलायचा, शरीराच्या वजनाशी टक्केवारी काढायची आणि अवस्था लिहायची: दोऱ्यासारखा पारदर्शक, दाणेदार, की पिवळ्या अंड्यांनी भरलेला. मग 1 सेंमीचे लांबीगट पाडून प्रत्येक गटात किती टक्के माद्या प्रौढ आहेत ते काढायचं. ज्या लांबीला निम्म्या माद्या प्रौढ असतात तो आकडा हवा असतो. गटात निदान दहा माद्या नसतील तर तो बिंदू आलेखावर ठेवू नये. नमुन्यात सगळी मोठी मासळीच असली तर हा आकडा निघतच नाही, आणि बारीक आसाचा पट्टा का लागतो ते इथे कळतं.

साठवणीचं थोडक्यात. बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग. उघड्यावर, हातमोजे आणि गॉगल घालून, शिक्षकांनीच बनवायचं. 15 सेंमीपेक्षा मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडे छेद द्यावा, नाहीतर आतून सडतो. चिठ्ठी जाड कागदाची, पेन्सिलीने लिहिलेली, बरणीच्या आत. बाहेरचा मार्कर पुसला जातो. उरलेलं फॉर्मॅलिन झाकण लावून परत न्यायचं, पाण्यात किंवा जमिनीवर एक थेंबही नाही.

चौथा दिवस: सकर, आळी आणि माणसांशी बोलणं

सकाळी काकांनी निरोप पाठवला की जाळ्यात सकर आलाय. मत्स्यालयातून नद्या-तलावांत पोचलेला दक्षिण अमेरिकेचा हा मासा. अंगावर हाडांची कवचं, तोंड खाली चोषकासारखं. परांचे काटे ताठ अडकतात, मासा सोडवता येत नाही. “जाळंच कापावं लागतंय बगा, दुसरा विलाज न्हाई,” काका म्हणाले आणि जाळ्यातलं भोक दाखवलं. त्या भोकाची लांबी-रुंदी आणि दुरुस्तीला लागलेला वेळही विद्यार्थ्यांनी तक्त्यात घेतला. आक्रमक प्रजातीचं नुकसान कागदावर येतं ते अशाच नोंदींतून.

सकरची जात ओळखायला तो उलटा करावा: पोटावर सुटे ठिपके की वेड्यावाकड्या जोडलेल्या रेघा, याचा जवळून फोटो. पृष्ठपरातली किरणं मोजावीत; दहा किंवा जास्त असली तर टेरिगोप्लिक्थिस वंश. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, कोरड्या क्रेटमध्ये तासन्‌तास जिवंत राहतो. म्हणून ‘मेला असेल’ असं धरून ठेवून द्यायचा नाही, आणि कुणी कौतुकाने घरी न्यायचा तर मुळीच नाही. एखाद्या विहिरीत त्याची नवी वस्ती तशीच सुरू होते. वेदनारहित मरण द्यायला लवंग तेल: एक भाग तेल नऊ भाग इथेनॉलमध्ये आधी मिसळायचं, कारण नुसतं तेल पाण्यावर तरंगतं. त्यातलं 40 मिलिलिटर 10 लिटर पाण्यात. कल्ल्याची हालचाल थांबल्यावरही आणखी दहा मिनिटं मासा त्यातच. असा मासा कुणाच्या खाण्यात जाता कामा नये, पाण्यापासून लांब खोल पुरायचा.

उतरत्या पाण्याच्या काठाला चिखलात परातीएवढे गोल खड्डे दिसत होते. चिलापीचे नर विणीसाठी ही आळी उकरतात. 20 मीटरची दोरी काठाला समांतर टाकून दोन्ही बाजूंच्या 2 मीटर पट्ट्यातली आळी मोजली, व्यास आणि खोली घेतली. दोरी कुठे टाकायची ते आधी चिठ्ठ्या काढून ठरवावं. नाहीतर पावलं आपोआप जिथे आळी जास्त तिकडेच वळतात.

दुपार मच्छीमारांसोबत. ‘चिलापीमुळे बाकीचे मासे गेले का?’ असा प्रश्न विचारायचा नाही, त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. माशांचे फोटो समोर ठेवायचे आणि विचारायचं: यातले कोणते पूर्वी जाळ्यात यायचे, आता कोणते येतात, बदल कधी जाणवला. एका वयस्क आजोबांनी फोटो तीन ढिगांत लावले आणि एकेकाचं कारण वेगळं सांगितलं: धरणाने नदीचं वाहणं थांबलं, पाणी नासलं, बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उचलली, आणि हो, चिलापी वाढली. त्याच दमात म्हणाले, “पण चूल तिच्यावरच पेटती, ध्यानात ठिवा.” मुलांनी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली. काठावरच्या अनेक घरांचं उत्पन्न याच माशावर आहे, त्यामुळे ‘निर्मूलन करावं’ असा शेरा अहवालाच्या शेवटी सहज टाकता येत नाही. चार कारणं एकाच काळात घडलेली असताना त्यांतलं एकच उचलून सिद्ध करायला आणखी वर्षांची मोजणी लागते.

निघण्याआधी जाळी, बादल्या, बूट स्वच्छ पाण्याने धुतले, गाळ आणि शेवाळ ब्रशने काढलं आणि सगळं कडक उन्हात पसरलं. निदान दोन दिवस पूर्ण कोरडं झाल्याशिवाय हे सामान दुसऱ्या तलावात न्यायचं नाही. तक्त्यांचे फोटो त्याच संध्याकाळी काढले आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं, तिसऱ्याने ताडायचं अशा रीतीने आकडे संगणकावर चढवले.

पावसाळ्यात पाणी चढल्यावर हीच मोजणी पुन्हा करायची आहे. तेव्हा फेब्रुवारीचे जीपीएस बिंदू खोल पाण्याखाली गेलेले असतील. काठाची तुलना करायची तर त्याच बिंदूंवर जाळं टाकून चालणार नाही. तीच खोली, तसाच उतार आणि तसाच तळ शोधावा लागेल. म्हणून या वेळी प्रत्येक जागेच्या नोंदीत तळाचं वर्णन आणि त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी लिहून ठेवली आहे.